फेल्टची खेळणी, आठ महिन्यांनंतर: काय टिकलं आणि कोणी मान टाकली

जिराफाने तिसऱ्या आठवड्यात मान टाकली. अगदी शब्दशः. भाची त्याला मानेला धरूनच घरभर हिंडवायची, आणि एक दिवस डोकं पोटावर टेकवून तो जो बसला तो बसलाच. तोवर माझी चार खेळणी शिवून झाली होती आणि ‘काही अवघड नाही, घरच्या घरी होतं, खर्चही नाही’ असं मी भेटेल त्याला ऐकवत होतो. आज आठ महिने झाले. सतरा खेळणी, एक ड्रॅगनचा पोशाख, दोन मुकुट आणि एक ढाल एवढा संसार जमलाय. आता बोलायला हरकत नाही.

शर्टाचं बटण लावण्यापलीकडे सुईशी माझी ओळख नव्हती. फेल्टकडे, म्हणजे न विणता तंतू एकमेकांत गुंतवून केलेल्या कापडाकडे, वळलो तो निव्वळ आळसापोटी. विणलेलं कापड कापलं की कडेचे धागे सुटतात. मग कड दुमडा, आतून शिवा, उलटवा. फेल्टमध्ये उभा-आडवा धागाच नाही. लोकरीच्या तंतूंना बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकून घट्ट थर होतो. ॲक्रिलिक आणि पॉलिएस्टरचं फेल्ट काटेरी सुयांनी टोचून टोचून तंतू गुंतवून करतात. दोन्हीत फायदा एकच, कात्री चालली तिथे कड तयार. माणसाला हे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. अल्ताय पर्वतातल्या पाझिरिकच्या गोठलेल्या थडग्यांत फेल्टचे भरीव हंस सापडलेत, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे. आणि १८८० मध्ये जर्मनीत मार्गारेटे श्टाइफ नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी फेल्टचा छोटा हत्ती केला तो टाचण्या खुपसून ठेवायला. मुलांनी तो खेळायला पळवला. पुढे त्यातून खेळण्यांचा मोठा कारखाना उभा राहिला.

माझी पहिली चूक फेल्टमध्येच झाली. चाळीस रंगांचा, १ मि.मी. जाडीचा ॲक्रिलिकचा गठ्ठा घेतला. रंग बघून हुरळलो. कापायला लोण्यासारखं, पण भरलं की शिवणीच्या दोन टाक्यांमधून पांढरा कापूस डोकावायचा. दोन महिन्यांत सशाच्या कानांना गोळे आले, आणि अस्वलाचा पंजा तर इतका विरला की आरपार दिसायला लागलं. आता मी घ्यायच्या आधी दोन गोष्टी करतो. तुकडा दिव्यासमोर धरतो, चाळणीसारखा उजेड आला तर ठेवून देतो. मग दोन्ही हातांनी हलका ताणतो. सोडल्यावर पोक राहिला तर तो खेळण्याच्या अंगासाठी बाद. अंगासाठी लोकरमिश्रित, दीड ते दोन मि.मी. घेतो. गठ्ठ्यातलं स्वस्त फेल्ट वाया गेलं असं नाही. डोळे, ठिपके, ड्रॅगनचे खवले, मुकुटावरची पानं, सगळं त्यातूनच झालं. हाताळलं न जाणाऱ्या जागी ते उत्तम आहे.

बेतायला शिकणं हा या आठ महिन्यांतला खरा मजेचा भाग. सुरुवातीला मी कागदावर मांजर काढायचो, तिच्या दोन प्रती कापायचो, शिवून भरायचो. निघायची मांजराच्या आकाराची उशी, तीही ठरवल्यापेक्षा बारीक. १२ सें.मी. व्यासाची दोन वर्तुळं जोडून ठासून भरली तर गोळा साडेनऊच्या आसपास भरतो आणि कडेला चुण्या पडतात. पोट फुगतं ते कडा आत ओढूनच. त्यामुळे आता कागदावरचा सपाट आकार हव्या त्या मापाच्या सव्वापट काढतो.

खरा गोल हवा असेल तर दोन्ही टोकांना निमुळत्या, कडेने एकमेकींना जोडायच्या पाकळ्याच लागतात. १० सें.मी. व्यासाच्या डोक्यासाठी हिशेब असा: परिघ साधारण ३१.४ सें.मी. पाकळीची लांबी त्याच्या निम्मी, म्हणजे १५.७. सहा पाकळ्या घेतल्या तर प्रत्येकीची मधली रुंदी परिघाचा सहावा भाग, ५.२. कडेला शिवणीत जाणारे ३ मि.मी. वेगळे धरायचे. कागदाची पाकळी दुमडून चारही बाजू सारख्या करून घ्या, कारण एक पाकळी जरी वाकडी निघाली तरी अस्वलाला गालगुंड झाल्यासारखं दिसतं. चार पायांच्या प्राण्याला पोटाखालून लांबट कळी, म्हणजे दोन बाजूंच्या मध्ये जोडायचा तुकडा, घातली की तो पहिल्यांदाच आपल्या पायांवर उभा राहतो. माझा पहिला उभा राहिलेला घोडा मी रात्री साडेअकराला बायकोला उठवून दाखवला. तिने एक डोळा उघडून ‘छान’ म्हटलं.

दोन थर एकावर एक ठेवून एकदम कापू नका. खालचा थर सरकतो आणि लहान निघतो. एकेक कापा. आणि फेल्टची कात्री कागदाला लावू देऊ नका. या नियमावरून आमच्याकडे एकदा जोरदार भांडण झालंय.

टाक्यांचं म्हणाल तर मी दोनच वापरतो. बाहेरून दिसणाऱ्या कडेला काजटाका, म्हणजे कडेला वेढा घालत जाणारा, आणि जिथे ताण येणार तिथे आतून उलटी टीप, म्हणजे दर टाक्याला मागे येऊन घातलेली. धावदोऱ्यावर विसंबू नका, भरताना तो ताणला जाऊन फटी पडतात. कशिद्याचा सहा पदरी दोरा घेऊन त्यातले दोन पदर वेगळे काढायचे. मी आधी खांद्यापर्यंत, कधी त्याहूनही लांब दोरा घ्यायचो, पुन्हा पुन्हा ओवायला नको म्हणून. आईने एकदा शेजारी बसून नुसतं पाहिलं आणि म्हणाली, “अरे, कोपरापर्यंतच घे. एवढा दोरा ओढायला तू काय पतंग उडवतोयस?” गाठी तेव्हापासून निम्म्यावर आल्या. टाका कडेपासून ३ मि.मी. आत, दोन टाक्यांत तेवढंच अंतर. कडेच्या फार जवळ घातला तर फेल्ट फाटून टाकाच हातात येतो.

आता जिराफ. त्याच्या मानेचा दोष फेल्टचा नव्हता, माझ्या भरण्याचा होता. पाकिटातला कापूस मी मूठभर घेऊन तसाच कोंबला होता. पॉलिएस्टरचा असो की जुन्या उशीतला, तो आधी हाताने पिंजून मोकळा करावा लागतो, नाहीतर आत गठ्ठे होतात, गठ्ठ्यांमध्ये पोकळी राहते आणि नेमकी तिथेच मोड येते. चिमूट चिमूट घालायचा, सगळ्यात लांबच्या टोकापासून, पेन्सिलीच्या मागच्या बाजूने दाबत. पुरे झाला असं वाटल्यावर आणखी थोडा. तळहाताएवढ्या प्राण्याला २० ग्रॅमच्या आसपास लागतो. मानेसाठी मी शेवटी वेगळंच केलं. कातरणाच्या पट्ट्यांची घट्ट सुरळी वळली, दोऱ्याने आवळली आणि ती मानेतून थेट छातीपर्यंत उतरवली. जिराफ आज सहा महिने ताठ आहे. कातरणं नुसती चुरून भरायचा मोह होतो, फुकट असतात म्हणून. पण त्याने खेळणं जड आणि खडबडीत होतं.

डोळ्यांबाबत मात्र मी कंजुषी किंवा हौस दोन्ही करत नाही. पहिल्या सशाला काळे मणी लावले होते. मित्राच्या बाळाने दहा मिनिटांत एक मणी दातांत धरला. मणी निघाला नव्हता, पण मला पुरेसा घाम फुटला. ३१.७ मि.मी. व्यासाच्या एका ठरावीक नळकांड्यात जी वस्तू पूर्ण मावते ती ३ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात नको, अशी अमेरिकेतली कसोटी आहे. नेहमीचे मणी, नेहमीची बटणं त्यात सहज मावतात. मागून चकती बसवायचे प्लास्टिकचे डोळेही फेल्टचं भोक सैल झालं की निघतात. त्यामुळे लहानांसाठी दोऱ्याने भरलेले डोळेच. जागा ठरवायला कागदाची दोन काळी वर्तुळं टाचणीने सरकवून बघा. कपाळाजवळ लावली तर प्राणी प्रौढ, काहीसा संशयी दिसतो. चेहऱ्याच्या मध्याखाली, एकमेकांपासून लांब लावली की तोच प्राणी पिल्लू होतो. टाचण्या मोजून ठेवा आणि मोजून काढा.

पोशाखाचं गणित याच्या उलटं आहे, आणि हे कळायला मला एक नाटक लागलं. लेकीला शाळेच्या नाटकात ड्रॅगन व्हायचं होतं. खेळण्यांच्या सवयीने मी पाठीचे काटे एकेक शिवत बसलो, आठवडा गेला, निम्मेच झाले. रंगमंच दहा फुटांवर असतो आणि पोशाख घालायचा तासभर. तिथे गोंद वितळवून सोडणारी ग्लू गनच हवी. फेल्टच्या तंतूंत तो गोंद छान मुरतो. पण गुळगुळीत फोमवरून पापुद्र्यासारखा सुटतो, आणि जिथे वस्तू सारखी वाकते तिथे कडक होऊन तुटतो. एकदा मुकुट उन्हात उभ्या बंद गाडीत राहिला. परत येऊन बघतो तर पानं घरंगळून सीटवर. बोटं भाजली ती वेगळीच. कमी तापमानाची गन घ्या, आणि तरीही शेजारी पाण्याची वाटी ठेवा.

शेपटीने सर्वांत जास्त छळलं. पहिली शेपटी पॅन्टला लावली, आणि रंगीत तालमीत पॅन्टच तिच्यामागे निघाली. दुसरी जाड पट्ट्यावर शिवली, टोकाकडे कापूस अगदी विरळ, बुडाशी घट्ट. काटे नंतर वरून चिकटवण्याऐवजी पाठीच्या शिवणीतच दोन थरांमध्ये धरले आणि एकाच टिपेत सगळे अडकवले. लेक शेपटी धरून भावाला मारत होती तरी एकही निघाला नाही.

शिंगं आणि ढाल कडक करायला पांढरा गोंद आणि पाणी समप्रमाणात मिसळून फेल्ट त्यात भिजवलं, साच्यावर ताणून रात्रभर वाळवलं. ढाल अप्रतिम झाली. शिरस्त्राण मात्र दुसऱ्या अंकापर्यंत घामाने आतून मऊ पडून एका कानावर कललं. हा गोंद ओलाव्याला पुन्हा सैल होतो. डोक्यावरच्या वस्तूला आतून अस्तर लावायला हवं होतं, किंवा फोमच वापरायला हवा होता.

धुणं थोडक्यात: थंड पाणी, हाताने दाबून, पिळायचं नाही. गरम पाण्यात लोकरीचं फेल्ट आटतं. लाल तुकडा पांढऱ्यावर लावण्याआधी ओल्या चिंधीवर घासून बघा; माझी एक मेंढी कायमची गुलाबी आहे. ॲक्रिलिकवर इस्त्री फिरवायचीच असेल तर मंद, आणि मध्ये कापड ठेवून. एरवी चकाकणारा डाग पडतो, तो जात नाही.

स्वस्त पडतं का? सामानाचा खर्च खरंच कमी आहे. ए-फोर आकाराच्या एका तुकड्यात तळहाताएवढे दोन सपाट प्राणी बसतात. पण एका नीट बेतलेल्या प्राण्याला माझे अजूनही पाच तास जातात, आणि ते कोणी मोजत असेल तर दुकानातलं खेळणं स्वस्त. मी मोजत नाही.

सध्या हत्ती घेतलाय, राखाडी, पोटाला कळी घातलेला. कान झाले. सोंडेत जिराफाचीच युक्ती चालेल असं वाटतं, फक्त सुरळी टोकाकडे निमुळती हवी. कापूस संपलाय. पाहुण्यांच्या खोलीतल्या उशांपैकी एक जरा जास्तच फुगीर आहे, हे माझ्या लक्षात आलंय.