युरोपला फराळ पाठवायचा, तर कुठून? इंग्लंड, बेलफास्ट आणि डब्लिन

ब्रिटनमध्ये चकली, चिवडा, लाडू, तूप असे पदार्थ तयार करून ते आयर्लंड किंवा नेदरलँड्समधल्या भारतीय दुकानांना आणि महाराष्ट्र मंडळांना पुरवू पाहणाऱ्या मराठी उद्योजकांपुढे आज तीन वाटा आहेत. इंग्लंडमधूनच माल पाठवत राहावे, युरोपसाठीचे उत्पादन उत्तर आयर्लंडमध्ये हलवावे, किंवा आयर्लंड प्रजासत्ताकात कंपनी काढून तिथूनच व्यवसाय करावा. मी स्वतः या तिन्हींची चाचपणी करून एक वाट धरली आहे आणि अजून तरी ती बदलावीशी वाटलेली नाही. अर्थात प्रत्येकाचा माल, भांडवल आणि पासपोर्ट सारखा नसतो, त्यामुळे माझा कौल इतरांना जसाच्या तसा लागू पडेल असा माझा दावा नाही.

ब्रेग्झिटनंतरच्या व्यापाराची चर्चा बहुतेक वेळा सीमाशुल्काच्या टक्क्यांभोवती फिरते. छोट्या खाद्यव्यवसायाच्या दृष्टीने मला ही चर्चा अपुरी वाटते. १ जानेवारी २०२१ पासून लागू असलेल्या व्यापार व सहकार्य करारानुसार ब्रिटनमध्ये तयार झालेल्या मालावर युरोपीय संघात शुल्कही नाही आणि कोटाही नाही. अट एवढीच की माल खरोखर ब्रिटनचा ठरला पाहिजे. भारतातून आणलेले पापड नुसते नव्या पाकिटांत भरून पाठवले, तर ते भारतीयच राहतात आणि त्यांच्यावर युरोपचे शुल्क पुन्हा भरावे लागते. जो पदार्थ इथे खऱ्या अर्थाने शिजतो किंवा तळला जातो, त्याच्या बाबतीत त्या त्या पदार्थाचा मूळनियम (माल कोणत्या देशाचा मानायचा, हे ठरवणारा नियम) वाचून बहुधा मार्ग निघतो. माझ्या व्यवसायात शुल्काने मला फारसे छळले नाही. जे छळले, ते वेगळेच होते.

इंग्लंडमधून युरोपला जाणाऱ्या फराळाच्या एकाच ऑर्डरमध्ये तीन प्रकारची कागदपत्रे लागतात. चिवडा निव्वळ वनस्पतिजन्य असेल, तर कस्टम्सची घोषणा पुरते. साजूक तुपातले बेसनाचे लाडू टिकाऊ असले तरी त्यांत दुग्धजन्य घटक असल्याने ते मिश्र पदार्थांच्या वर्गात जातात. २१ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांनुसार त्यांच्यासाठी आयातदाराने सही केलेले घोषणापत्र हवे आणि त्यातले तूप युरोपने मान्य केलेल्या दुग्धशाळेतून आलेले हवे. नुसते तूप पाठवायचे, तर अधिकृत पशुवैद्यकाने किंवा प्रमाणन अधिकाऱ्याने तपासून सही केलेले आरोग्य प्रमाणपत्र लागते आणि माल सीमेवरच्या तपासणी केंद्रातून न्यावा लागतो. एका ट्रकभर तुपासाठी अशा प्रमाणपत्राचा खर्च सहज पेलतो, पण चार खोक्यांसाठीही सही करणाऱ्याचे शुल्क जवळजवळ तेवढेच पडते.

हेही एक वेळ अंगवळणी पडले असते. माझा निर्णय ज्या गोष्टीने झाला, ती म्हणजे सामायिक ट्रक. छोट्या उत्पादकाकडे पूर्ण ट्रक भरेल इतका माल नसतो. आपले एखाद-दुसरे पॅलेट वाहतूकदार इतर व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर चढवतो. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्यापूर्वी या पद्धतीत काहीच धोका नव्हता, कारण डोव्हरला किंवा वेल्समधल्या होलीहेड बंदरात कोणी कागद मागतच नव्हते. आता त्या ट्रकमधल्या कोणा एकाच्या चीजच्या प्रमाणपत्रावर शिक्का चुकीच्या जागी पडला किंवा घोषणेतला सांकेतिक क्रमांक जुळला नाही, तर अख्खा ट्रक थांबतो. आमचा दिवाळीचा माल असाच दुसऱ्या व्यापाऱ्याच्या कागदांपायी अडकला आणि भाऊबीज उलटून गेल्यावर दुकानात पोहोचला. आमचे कागद बिनचूक होते, माल उत्तम होता, पॅकिंग शाबूत होते. पण फराळाचा हंगाम संपला होता आणि दुकानदाराने तो परत घ्यायला सांगितला, यात मी त्याला दोष देऊ शकत नाही. त्यानंतर मी वाहतूकदार बदलून पाहिले, माल लवकर काढून पाहिला, तूप वगळून फक्त वनस्पतिजन्य कोरडा माल पाठवून पाहिला. दर वेळी माझ्या लक्षात येत गेले की माझी काळजी कितीही वाढली, तरी ट्रकमधल्या अनोळखी माणसाच्या काळजीवर माझा काहीच ताबा नाही. नियम कडक असल्याची माझी तक्रार नाही. अन्नाच्या बाबतीत ते तसेच असावेत, असे मला मनापासून वाटते. पण छोट्याला दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा मिळावी आणि पूर्ण ट्रक भरणाऱ्या मोठ्याला ती कधीच मिळू नये, ही रचना मला अन्यायाची वाटते.

ब्रिटनने युरोपीय संघाशी पुन्हा सीमाशुल्क संघ (आपसांत शुल्क नाही आणि बाहेरच्या मालावर सर्वांचे एकच शुल्क) करावा, अशी मागणी अधूनमधून जोर धरते आणि तोवर थांबावे का, असे मला विचारले जाते. सीमाशुल्क संघामुळे मूळनियमांची कटकट बऱ्याच अंशी संपेल आणि भारतातून आणलेला माल पुढे पाठवणाऱ्यांना, विशेषतः कपड्यांच्या व्यापाऱ्यांना, त्याचा मोठा फायदा होईल. मात्र आरोग्य प्रमाणपत्रे त्याने जात नाहीत. तुर्कस्तान १९९६ च्या सुरुवातीपासून संघाशी अशा बंधनात आहे, तरी बल्गेरियाच्या सीमेवर त्याच्या ट्रकांच्या रांगा लागतात आणि कच्चा शेतमाल त्या व्यवस्थेतून बहुतांशी वगळलेला आहे. उलट नॉर्वे सीमाशुल्क संघात नाही, पण युरोपीय संघाच्या एकसंध बाजारपेठेचे नियम पाळतो. अन्नव्यवसायाला यांपैकी दुसरी रचना अधिक उपयोगी आहे, असे माझे मत आहे. १९ मे २०२५ रोजी लंडनमध्ये ब्रिटन आणि संघ यांच्यात अन्न व वनस्पती आरोग्याच्या कराराचे जे तत्त्वतः ठरले, त्याची दिशा हीच आहे. ब्रिटनने संघाचे बदलते नियम पाळत राहायचे आणि त्या बदल्यात प्रमाणपत्रे व तपासण्या बहुतांशी जायच्या. तो करार पूर्णपणे अमलात आला, तर या लेखातील तुलनेचा तोल इंग्लंडकडे बराच झुकेल, हे मी मान्य करतो. कस्टम्सची घोषणा मात्र तेव्हाही राहील.

डब्लिन ही दिसायला सर्वांत सरळ वाट आहे. तिथे बसलो की आपण संघाच्या आतच असतो आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या दुकानदाराच्या दृष्टीने आपण कॉर्कच्या लोणी उत्पादकाइतकेच घरचे ठरतो. रॉसलेअर बंदरातून फ्रान्समधल्या शेरबुर आणि डंकर्कला थेट फेऱ्या सुटतात, त्यामुळे ब्रिटनच्या भूमीवरून जावेच लागत नाही. २०२४ च्या डिसेंबरात वादळाच्या काळात होलीहेड बंदराचे नुकसान होऊन ते ऐन नाताळात बंद पडले आणि पुढच्या जानेवारीच्या मध्यापर्यंत सुरू झाले नाही; ब्रिटनमार्गे जाण्यावर विसंबणाऱ्यांना त्या वेळी थेट मार्गाचे मोल कळले. ज्याचा निम्म्याहून अधिक व्यवसाय मुख्य भूमीवरच्या युरोपात आहे, त्याने डब्लिनचा विचार गांभीर्याने करावा.

माझी अडचण दुसरीकडे होती. आयरिश कायद्यानुसार कंपनीचा किमान एक संचालक युरोपीय आर्थिक क्षेत्रातला (संघातले देश आणि नॉर्वेसारखे काही शेजारी) रहिवासी असावा लागतो, नाहीतर २५,००० युरोंचा बाँड काढावा लागतो. ब्रिटनमधला रहिवासी आता या व्याख्येत बसत नाही. शिवाय माझे इंग्लंडमधले जुने ग्राहक त्या व्यवस्थेत सीमेपलीकडे जाणार होते. ३१ जानेवारी २०२४ पासून आयर्लंडहून ग्रेट ब्रिटनला (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स) जाणाऱ्या मालालाही कस्टम्सच्या पूर्ण प्रक्रियेतून जावे लागते. एक गाठ सोडवताना दुसरी बसत होती.

आता बेलफास्ट. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग आहे, त्याच्या सीमाशुल्क क्षेत्रातही आहे, तरीही मालाच्या बाबतीत तिथे संघाचे नियम चालतात. उत्तर आयर्लंडमधला हिंसक संघर्ष मिटवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर खुली झालेली, दोनशेहून अधिक ठिकाणी रस्ते ओलांडणारी सीमा पुन्हा बंद होऊ नये, म्हणून ही व्यवस्था उभी राहिली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रिटन आणि संघ यांच्यातल्या विंडसर आराखड्याने तिला सध्याचे रूप मिळाले. व्यवहारात त्याचा अर्थ असा की बेलफास्टजवळ तयार झालेले लाडू आणि तूप डब्लिनला नेताना घोषणा नाही, प्रमाणपत्र नाही, तपासणी केंद्र नाही. सीमेजवळच्या न्यूरी शहरानंतर वेगमर्यादेचे फलक मैलांऐवजी किलोमीटर दाखवू लागतात, एवढीच खूण. आणि तोच माल ग्रेट ब्रिटनच्या ग्राहकालाही जाऊ शकतो. सामायिक ट्रकची भीती इथे उरत नाही, कारण शेजारच्या खोक्याचे कागद तपासायला वाटेत कोणी उभेच नसते. माझ्यासाठी एवढे कारण पुरेसे ठरले. युरोपसाठीचे उत्पादन मी तिथल्या एका सामायिक उत्पादन केंद्रात हलवले आणि तेव्हापासून दिवाळीचा माल दिवाळीत पोहोचतो आहे.

या वाटेवरचे खाचखळगे मात्र आधी नीट पाहून घ्यावेत. इंग्लंडमध्ये तयार केलेला माल बेलफास्टच्या गोदामात ठेवून पुढे डब्लिनला पाठवू, असा विचार कोणी करत असेल, तर तो सोडून द्यावा; पुढे संघात जाणारा माल लाल मार्गिकेतून न्यावा लागतो आणि तिथे सगळी कागदपत्रे पुन्हा येतात. हिरव्या मार्गिकेची सवलत उत्तर आयर्लंडमध्येच खपणाऱ्या मालाला आहे, आणि तिच्यासाठी अनेक पाकिटांवर ‘नॉट फॉर ईयू’ असे छापावे लागते. म्हणजे फायदा हवा असेल, तर उत्पादनच तिथे हलवावे लागते. कच्चा मालही संघाच्या नियमांतून येतो. २०२० मध्ये भारतीय तिळांत इथिलीन ऑक्साइड आढळल्यापासून संघाने त्यांच्या तपासण्या वाढवल्या, हे तिळगुळाचा व्यवसाय करणाऱ्यांनी विसरू नये. लोणी मात्र तिथे उत्तम मिळते आणि माझ्या मते आयरिश लोण्याच्या तुपाला जो रवाळपणा येतो, तो मला इंग्लंडमध्ये साधला नव्हता. तूप घाऊक विकायचे असेल, तर केंद्राला स्थानिक प्राधिकरणाची मान्यता लागते आणि पाकिटावर ‘यूके (एनआय)’ ही ओळखखूण येते.

राजकीय अनिश्चितता हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. ही व्यवस्था चालू ठेवावी की नाही, यावर उत्तर आयर्लंडच्या स्टॉरमॉंट विधानसभेला ठरावीक काळाने मत द्यावे लागते. १० डिसेंबर २०२४ रोजी ठराव ४८ विरुद्ध ३६ मतांनी संमत झाला, पण युनियनवादी (ब्रिटनचाच भाग राहू इच्छिणाऱ्या) पक्षांचा पाठिंबा नसल्याने त्याची मुदत आठऐवजी चारच वर्षांची आहे. ग्रेट ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात उभी राहिलेली सीमा आपल्याला आपल्याच देशापासून तोडते, ही त्यांची भावना खरी आहे आणि तिथे व्यवसाय करणाऱ्याने तिचा आदर राखावा. तरीही उत्तर आयर्लंडमधल्या दुधाचा सुमारे एक तृतीयांश भाग प्रक्रियेसाठी दक्षिणेला जातो. हा प्रवाह थांबवण्याची इच्छा कोणत्याही बाजूला मला दिसलेली नाही, म्हणून मी हा धोका पत्करला.

भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यातला मुक्त प्रवास ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांसाठी आहे. ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याचा परवाना असला, तरी भारतीय नागरिकाला प्रजासत्ताकासाठी आयरिश व्हिसा लागतो, आणि न्यूरीच्या पुढे कोणी अडवत नाही म्हणून ती गरज संपत नाही. माल सुटतो, पण मालक सुटेलच असे नाही. तेव्हा ग्राहकांना भेटायला कोण जाणार, हे आधी ठरवावे.

फक्त कोरडा, वनस्पतिजन्य माल मोठ्या प्रमाणात पाठवणाऱ्याने, ज्याचा स्वतःचा ट्रक भरतो त्याने, इंग्लंड सोडण्याची घाई करू नये, असे मला वाटते. मुख्य भूमीवरच ज्याचे ग्राहक आहेत आणि ज्याला आयर्लंडमध्ये राहणारा विश्वासू भागीदार मिळतो, त्याला डब्लिन सोयीचे पडेल. दोन्हीकडे ग्राहक असलेल्या, तूप-लाडवांचा थोडा-थोडा माल पाठवणाऱ्या व्यावसायिकाने मात्र बेलफास्टला एकदा जाऊन यावे. जागेचा करार करण्यापूर्वी उत्तर आयर्लंडसाठीचा, ‘एक्सआय’ने सुरू होणारा ईओआरआय (कस्टम्सकडील व्यापारी नोंदणीचा) क्रमांक मिळवावा, केंद्राची दुग्धपदार्थांसाठीची मान्यता स्वतः पाहावी आणि एका पॅलेटचे डब्लिनपर्यंतचे भाडे किमान दोन वाहतूकदारांकडून लेखी मागवावे.