ग्रामीण रुग्णवाहिकेचा तयार साहित्य-संच: कामाचे किती, जागा अडवणारे किती

रुग्णवाहिका बांधून देणारे गाडीबरोबर साहित्याचा तयार संच देऊ करतात. ऑक्सिजन, सक्शन (तोंडातली लाळ-उलटी ओढून काढणारे यंत्र), स्ट्रेचर, एखादा मॉनिटर, स्पाइन बोर्ड, औषधांची पेटी अशी यादी असते आणि कागदावर ती भरगच्च दिसते. मात्र हे संच रुग्णालय पंधरा-वीस मिनिटांवर आहे असे धरून जुळवलेले असतात. रुग्णालय दीड तासावर, रस्ता खराब, मागे एकच परिचर आणि वाटेत दुसरी गाडी मिळण्याची आशा नाही, अशा सेवेला त्यातले बरेच काही अपुरे पडते. उरलेले बरेच काही लागतच नाही. इथली पारख याच दीड तासाच्या हिशोबाने केली आहे.

सुरुवात ऑक्सिजनपासून, कारण फसगत सगळ्यात जास्त तिथेच होते. संचात बहुधा १० लिटर पाण्याच्या क्षमतेचा एक मोठा सिलिंडर आणि २ लिटरचा एक हातातला असतो. हिशोब सोपा आहे: पाण्याची क्षमता गुणिले दाब. १५० बारला मोठ्यात १,५०० लिटर वायू मावतो. शेवटचे २० बार राखीव धरले तर हाती उरतात १,३००. गंभीर रुग्णाला पिशवीच्या मास्कने मिनिटाला १५ लिटर द्यावे लागले, तर दीड तासाला १,३५० लिटर लागतात. म्हणजे पूर्ण भरलेला सिलिंडरही रुग्णालयाच्या दाराशी येता येता संपतो, आणि यात गाडी पोहोचल्यापासून निघेपर्यंतचा वेळ धरलेलाच नाही. हातातल्या सिलिंडरमधून याच प्रवाहाने १७ मिनिटे मिळतात. तो घरातून गाडीपर्यंत आणि गाडीतून दवाखान्यात नेण्यापुरता. गाडीत १० लिटरचे किमान दोन सिलिंडर हवेत. प्रत्येकाला स्वतःचा रेग्युलेटर आणि वेगळी झडप हवी, म्हणजे एक बदलताना दुसरा चालू राहतो. हातातलेही दोन ठेवा.

फ्लोमीटरकडे, म्हणजे मिनिटाला किती लिटर वायू जातो ते दाखवणाऱ्या मापकाकडे, विक्रेता लक्ष वेधत नाही, पण ते बघूनच घ्या. काचेच्या नळीत गोळी तरंगणारा फ्लोमीटर उभा असेल तरच खरे आकडे दाखवतो. हातातला सिलिंडर स्ट्रेचरवर रुग्णाच्या पायांशी आडवा ठेवला की त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्या सिलिंडरला खटके देत फिरणारा, ठराविक आकड्यांचा रेग्युलेटर हवा. भिंतीवर गोळीवाला चालतो. जोडाशी फुसफुस ऐकू आली तर बहुतेक वेळा दोष रेग्युलेटरचा नसून मधल्या चपट्या वायसरचा असतो. असे चार-पाच वायसर आणि एक चावी प्रत्येक सिलिंडरजवळ दोरीने बांधून ठेवा. जोड घट्ट बसावा म्हणून तेल किंवा ग्रीस लावणारा मेकॅनिक गाडीच्या आसपासही नको. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेते. बाटलीतल्या पाण्यातून ऑक्सिजन सोडण्याची सोय संचात हमखास असते. खडबडीत रस्त्यावर ते पाणी उसळून नळीत शिरते, आणि रोज न बदललेल्या पाण्यात जंतू वाढतात ते वेगळेच. एवढ्या प्रवासाला ती लागत नाही, काढून टाका. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हा सिलिंडरला पर्याय म्हणून गळ्यात मारला जातो. मिनिटाला ५ लिटर देणारे यंत्र साधारण ३५० वॅट ओढते आणि १५ लिटरची गरज भागवू शकत नाही. रुग्णवाहिकेच्या ठाण्यावर असू द्या, गाडीत नको.

सक्शन यंत्रासाठी दोन आकडे विचारा: नळी चिमटल्यावर ४ सेकंदांत ३०० मिलिमीटर पारा इतका दाब तयार होतो का, आणि उघड्या नळीतून मिनिटाला ३० लिटर हवा ओढली जाते का. देखणी, छोटी, आवाज न करणारी यंत्रे इथेच मागे पडतात. ती पातळ लाळ ओढतात. उलटीतले घट्ट तुकडे आले की थांबतात. संचात बारीक रबरी नळ्यांची जुडी असते, पण तोंडातली उलटी काढायला रुंद छिद्राचे कडक टोक लागते. ते वेगळे मागून घ्या. यंत्र चालू आहे, आवाज येतोय आणि ओढ मात्र नाही, ही नेहमीची तक्रार. ओढलेली घाण साठते त्या बरणीपलीकडची गाळणी ओली झाली की ती हवा अडवते, आणि आडव्या झालेल्या बरणीतून ती ओली होतेच. सुट्या गाळण्या हाताशी ठेवा, बरणी अर्ध्याहून जास्त भरू देऊ नका. लेड-ॲसिड बॅटरीचे यंत्र घेत असाल तर ते सतत चार्जिंगवर राहील अशी जागा हवी. उतरलेल्या अवस्थेत महिनाभर पडून राहिलेली बॅटरी पुन्हा पूर्वीसारखी चार्ज धरत नाही. विजेचे यंत्र कितीही चांगले असले तरी हाताने किंवा पायाने चालणारे एक सोबत लागतेच. गाडीपासून लांब, शेताच्या बांधावर तेच उपयोगी पडते.

स्ट्रेचरवर हात सैल सोडून खर्च करा. पाय आपोआप दुमडणारे, एका माणसाला गाडीत सारता येणारे स्ट्रेचर चांगलेच, पण त्याची चाके बघा. लहान चाके गुळगुळीत फरशीसाठी असतात. मुरुमावर आणि चिखलात ती रुततात आणि वेगात वळली तर स्ट्रेचर उलटते. २०० मिलिमीटर व्यासाची चाके असतील तर अंगणातून गाडीपर्यंत उचलून नेण्याची पाळी कमी येते. पाय दुमडणाऱ्या खटक्यात चिखल वाळला की खटका अर्धवट बसतो, आणि बाहेर काढताना पाय उघडलेच नाहीत तर पूर्ण भार परिचराच्या कमरेवर येतो. प्रत्येक चिखलाच्या फेरीनंतर खटके पाण्याने धुवायचे, वाळवायचे आणि सिलिकॉनचा फवारा मारायचा. ग्रीस नको, ते धूळ धरून ठेवते. पट्टे मोजा: छातीवर एक आणि पायांवर एक अशा दोन पट्ट्यांनी भागत नाही. जोरात ब्रेक लागला की रुग्ण त्यांच्याखालून डोक्याच्या दिशेने सरकतो. खांद्यावरून येणारे दोन पट्टे नसतील तर स्ट्रेचर परत पाठवा.

स्पाइन बोर्ड प्रत्येक संचात असतो आणि तो सर्वात जास्त चुकीचा वापरला जातो. अपघातातल्या माणसाला अडकलेल्या जागेतून सरकवत बाहेर काढायला तो उत्तम. त्याच कडक फळीवर दीड तास झोपवून नेले की पाठीवर आणि टाचांवर दाबाच्या जखमांची सुरुवात होते, वेदना वाढतात, रुग्ण वळवळतो आणि मणका स्थिर ठेवण्याचा हेतूच फसतो. लांबच्या प्रवासाला व्हॅक्यूम गादी हवी. हवा ओढली की ती अंगाच्या आकाराची घट्ट होते आणि भार सगळीकडे विभागला जातो. काटा किंवा काच लागून ती फुटते, म्हणून दुरुस्तीचा तुकडा आणि हातपंप तिच्याच पिशवीत ठेवावा. जमिनीवरून गादीवर घ्यायला मधोमध दोन भाग होणारे स्कूप स्ट्रेचर लागते. ही जोडी बहुतेक संचांत नसते. फळी बदलून ती मागता येते का ते विचारा. पायवाटेच्या वस्तीसाठी कापडी घडीचे स्ट्रेचर स्वस्त आणि हलके. दोन घेतली तरी जागा जात नाही.

मॉनिटरची स्क्रीन मोठी असते, म्हणून तो विकला जातो. चालत्या गाडीत त्याचा आपोआप फुगणारा रक्तदाबाचा पट्टा हादऱ्यांमुळे पुन्हा पुन्हा फुगतो आणि शेवटी आकडा देत नाही. हाताने फुगवायचा पट्टा ठेवा. स्टेथोस्कोपने ऐकू येत नसेल तर मनगटाची नाडी कुठल्या दाबाला परत लागते ते बघून वरचा आकडा तरी मिळतो. बोटावरचे ऑक्सिमीटर गारठलेल्या बोटांवर चुकते, आणि धुरात अडकलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर खोटा दिलासा देते, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही त्याला ऑक्सिजनवालेच वाटते. डॉक्टर नसलेल्या गाडीला महागड्या मॉनिटरपेक्षा एईडी आधी, म्हणजे ठोके स्वतः तपासून गरज असेल तर हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र. त्याचे पॅड मुदतीचे असतात आणि उन्हात तापलेल्या बंद गाडीत मुदतीआधीच त्यांची जेल सुकते. सोबत वस्तरा, कात्री, टॉवेल आणि मुलांसाठीची सोय हवी. धूळ आणि पाणी अडवण्याचा दर्जा आयपी ५५ असेल तर ग्रामीण रस्त्याला पुरतो. हृदयाचे ठोके तपासत असताना गाडी थांबवावीच लागते. हादऱ्यांत यंत्राचा निर्णय चुकू शकतो. छाती दाबणारे स्वयंचलित यंत्र एकट्या परिचराला मोठा आधार देते, पण एका बॅटरीवर ते अर्धा ते पाऊण तास चालते. सुट्या बॅटऱ्या परवडत नसतील तर खरेदी पुढे ढकला.

अँब्यू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, मोठ्यांची, मुलांची आणि नवजात बाळाची अशी तिन्ही मापे हवीत, प्रत्येकीचे मास्क वेगळे. सगळा ऑक्सिजन संपला तरी ती साध्या हवेवर चालते. व्हेंटिलेटरच्या आधी ती. रक्तस्राव थांबवायला दांडी पिळून आवळायचा, ३८ मिलिमीटरच्या आसपास रुंद पट्टा घ्या. अरुंद पट्टा मांस कापतो आणि रक्त थांबवत नाही. बांधल्याची वेळ त्यावरच लिहायची. सर्पदंशाला मात्र तो कधीही नाही, तिथे अवयव स्प्लिंटने (आधाराच्या पट्टीने) स्थिर ठेवायचा.

रस्त्यात बाळंतपण होणे ही लांब पल्ल्याच्या सेवेची नेहमीची गोष्ट, तरी संचातली प्रसूतीची पिशवी बहुधा नावापुरती. नाळेसाठी दोन चिमटे, निर्जंतुक पाते, चार-पाच कोरडे टॉवेल, बाळाची टोपी आणि मोठे शोषक पॅड एवढे तरी हवे. बाळाला ऊब देणारी पेटी या गाडीत वीज खाते आणि जागा अडवते. कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवून दोघांना झाकणे हाच पहिला उपाय. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या ऑक्सिटोसिनला २ ते ८ अंश तापमान लागते. गाडीत शीतपेटी नसेल तर ते नुसते यादीत ठेवण्यात अर्थ नाही. त्याच कामाच्या, कोरड्या जागी टिकणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांबद्दल आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून ठरवा. साखर तपासायच्या पट्ट्याही उष्णतेने बिघडतात आणि मग चुकीचा आकडा दाखवतात. त्या डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकू नका.

विजेची बाजू विक्रेत्याच्या माहितीपत्रकात एका ओळीत उरकलेली असते. मागच्या कक्षाला इंजिनपासून वेगळी दुसरी बॅटरी हवी, नाहीतर दिवे आणि यंत्रे चालवता चालवता गाडी सुरू होईनाशी होते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या लेड-ॲसिड बॅटरीत १,२०० वॅट-तास असतात, पण निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. हिशोब ६०० चाच धरा. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा घ्या. स्वस्त इन्व्हर्टरवर काही चार्जर तापतात आणि गुणगुणतात.

आता सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा: हे सामान बसवले कसे आहे. युरोपच्या ईएन १७८९ या मानकात सामान १० जीचा, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दहापट जोराचा, धक्का सहन करून जागेवर राहावे अशी अट आहे. साध्या भाषेत, १५ किलोचा सिलिंडर धडकेत दीडशे किलोच्या जोराने सुटू पाहतो. चामड्याच्या पट्ट्याने किंवा दोरीने बांधलेला सिलिंडर आम्ही नापास करतो, गाडी कितीही चकचकीत असो. कंस पत्र्याला नुसता स्क्रूने बसवलाय की आतल्या चौकटीला बोल्टने, हे खाली वाकून बघा. जमीन एकसंध आणि भिंतीवर चार बोटे चढवलेली हवी. सांध्यांत रक्त मुरले की धुऊन निघत नाही.

संपर्कासाठी मोबाइलवर विसंबून राहू नका. मोकळ्या रानात आणि टेकड्यांत व्हीएचएफ (कमी वारंवारतेचा) रेडिओ यूएचएफपेक्षा (जास्त वारंवारतेच्यापेक्षा) बरा चालतो. सॅटेलाइट फोनला उघडे आभाळ लागते, गाडीच्या आतून तो बहुधा लागत नाही. कुठल्या वळणापासून कुठल्या वळणापर्यंत काहीच लागत नाही, ते नकाशावर रंगवून चालकासमोर चिकटवा.

ठाण्याची सोय संचात येत नाही, म्हणून तिच्यासाठी पैसेच उरत नाहीत. छताखाली उभी गाडी, प्रत्येक गाडीसाठी चार्जिंगचा प्लग, जनरेटर, उतार आणि गटार असलेली धुण्याची जागा, भरपूर पाणी, परिचरांना झोपायला खोली, एवढे किमान. रक्त सांडल्यावर ०.५ टक्के क्लोरीनचे द्रावण लागते: ५ टक्क्यांच्या ब्लीचचा एक भाग, पाण्याचे नऊ भाग, रोज ताजे. आधी रक्त पुसून घ्यायचे, मग द्रावण दहा मिनिटे राहू द्यायचे. सिलिंडर उभे, साखळीने बांधलेले, भरलेले आणि रिकामे वेगळे, इंधनापासून लांब. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही.

ताबा घेताना विक्रेत्याचा माणूस समोर असू द्या. स्ट्रेचरवर शंभर किलोची वाळूची पोती बांधा, सगळी यंत्रे बॅटरीवर चालू करा, ऑक्सिजन १५ लिटरवर सोडा आणि गाडी आपल्या सर्वात वाईट रस्त्यावर दीड तास फिरवा. परत आल्यावर काय सुटले, काय बंद पडले, दाबाचा काटा कुठे आहे, हे लिहून त्याची सही घ्या. उरलेली रक्कम त्यानंतर.