आठ आठवडे डेटा ॲनालिस्ट: उन्हाळी इंटर्नशिपचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण लॅपटॉपने खाल्ला आणि एक कोणी खाल्ला ते पुढे येईलच. तरीही जावं की नाही, असं विचाराल तर जावं. फक्त ॲनालिस्ट म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं ते घरी ठेवून जावं.

मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी, तिसरं वर्ष नुकतंच संपलेलं. रिग्रेशन येतं, पायथॉन बऱ्यापैकी येतं, त्यामुळे दोन महिन्यांत एखादं मॉडेल (जुन्या आकड्यांवरून पुढचा अंदाज बांधणारं गणित) बांधून दाखवू अशा हवेत मी गेले होते. आठ आठवड्यांत एकही मॉडेल बांधलं नाही. बहुतेक वेळ एकच प्रश्न पुरला: हा आकडा आला कुठून? आधी त्याचा कंटाळा आला. मग राग आला. पाचव्या आठवड्यात कधीतरी मीच तो दुसऱ्यांना विचारायला लागले होते.

निवडीबद्दल फार लिहीत नाही. एक ऑनलाइन चाचणी आणि दोन मुलाखती झाल्या. एसक्यूएलमध्ये (डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेत) इनर जॉइन आणि लेफ्ट जॉइन या दोन टेबलं जोडायच्या पद्धतींमधला फरक, सरासरी आणि मध्यक (आकडे क्रमाने लावले की मधोमध येतो तो) कधी वेगळे येतात, एवढं पक्कं असलं की निभतं. बायोडेटात 'मशीन लर्निंग' लिहिलं होतं, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पहिला आठवडा वाया गेला. लॅपटॉप चौथ्या दिवशी मिळाला आणि डेटाबेसचा ॲक्सेस दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी. तोवर "डॉक्युमेंट्स वाचून घे." वाचली. त्यातलं निम्मं जुनं होतं. ज्या टेबलांची वर्णनं होती त्यातली काही आता अस्तित्वातच नव्हती. आठ आठवड्यांच्या कामात आठ-नऊ दिवस ॲक्सेससाठी ताटकळायचं म्हणजे फार झालं. इंटर्न येणार हे त्यांना दोन महिने आधीपासून माहीत होतं.

काम होतं ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका ग्राहक कंपनीच्या ऑर्डरींचं. फायली सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) यायच्या आणि इथली मंडळी त्या डबल क्लिक करून सरळ एक्सेलमध्ये उघडायची. तसं उघडलं की एक्सेल स्वतःची अक्कल चालवतं. कोडच्या सुरुवातीचे शून्य गळतात. सोळा आकडी ऑर्डर क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होऊन बसतो, कारण एक्सेल पंधराच अंक धरून ठेवतं. मग वेगवेगळ्या ऑर्डरी एकच दिसायला लागतात. तारखांचं तर विचारू नका. फाइलमध्ये आधी दिवस मग महिना, आणि लॅपटॉपचं सेटिंग आधी महिना मग दिवस. अशा वेळी बारा तारखेपर्यंतचे दिवस गुपचूप महिन्याच्या जागी जाऊन बसतात. तेरापासून पुढच्यांना तसा महिनाच सापडत नाही, म्हणून त्या मजकूर म्हणून राहतात आणि रकान्यात डावीकडे चिकटतात; एक्सेलने तारीख म्हणून धरलेल्या उजवीकडे. कॉलमच्या अर्ध्या तारखा डावीकडे, अर्ध्या उजवीकडे दिसल्या की समजायचं, उजवीकडच्या खोटं बोलतायत. हे मला कॉलेजात तीन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

आता मॅडम. माझ्या मेंटॉर. "मॅडम म्हणू नकोस, इथे सगळे नावाने हाक मारतात," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला जमलं नाही, शेवटपर्यंत मॅडमच.

तिसऱ्या आठवड्यात मी ऑर्डरींचं टेबल ग्राहकांच्या टेबलाला लेफ्ट जॉइन केलं, पिव्हट (गटवार बेरजांचा तक्ता) काढला आणि विभागवार विक्रीचा तक्ता त्यांच्यासमोर ठेवला. एकूण विक्री आधीच्या महिन्यापेक्षा सहा टक्क्यांनी वर. मी खूश. त्यांनी तक्त्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

"ऑर्डरी किती?"

"४८,२१२."

"जॉइन करायच्या आधी किती होत्या?"

मी पाहिलंच नव्हतं. तिथेच क्वेरी चालवली. ४५,३९०. म्हणजे २,८२२ ऑर्डरी मी स्वतः पैदा केल्या होत्या. ज्या ग्राहकांनी पत्ता बदलला होता त्यांच्या ग्राहक-टेबलात दोन-दोन ओळी होत्या, जुन्या पत्त्याची एक आणि नव्याची एक. त्यांची प्रत्येक ऑर्डर दोनदा मोजली गेली होती. विक्री प्रत्यक्षात वाढलीच नव्हती, किंचित घसरली होती.

"लेफ्ट जॉइनमध्ये डावीकडची ओळ हरवत नाही, एवढंच तुम्हाला शिकवतात," मॅडम म्हणाल्या. "एकीच्या दोन होतात, ते शिकवत नाहीत." मग ड्रॉवरमधून एक साधी रेघांची वही काढून माझ्यासमोर टाकली. "प्रत्येक पायरीला ओळी लिहायच्या. आधी किती, नंतर किती. पेनाने."

आवाज चढवला नाही की आणखी कोणाला सांगितलं नाही. मी मात्र वॉशरूममध्ये जाऊन पाच मिनिटं उभी राहिले. हा तक्ता त्याच संध्याकाळी ग्राहक कंपनीकडे जाणार होता.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी राइनहार्ट आणि रोगॉफची गोष्ट सांगितली. घरी येऊन मी ती वाचून काढली. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ, दोघंही नावाजलेले अर्थतज्ज्ञ. २०१० साली त्यांनी मांडलं की देशाचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की वाढीचा वेग एकदम खाली येतो. सरकारी खर्चाला कात्री लावा म्हणणाऱ्यांना त्यातून मोठा आधार मिळाला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्टमधल्या थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याला तेच आकडे पुन्हा काढून दाखवायचे होते. अभ्यासाचाच भाग होता तो. आकडे जुळेनात. मूळ एक्सेल फाइल मागवली तेव्हा कळलं, सरासरीच्या सूत्रात ओळी ३० ते ४४ घेतल्यात, घ्यायला हव्या होत्या ४९ पर्यंत. पाच देश बाहेरच राहिले होते. चूक तेवढी एकच नव्हती. काही वर्षांची माहिती धरलेली नव्हती आणि देशांना वजन देण्याच्या पद्धतीवरही वाद होता. सगळं धरून जास्त कर्जाच्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्यावरून २.२ टक्क्यांवर आली. त्या रात्री मला जरा बरी झोप लागली, हे कबूल करते. इतक्या मोठ्यांनी ओळी मोजल्या नाहीत, तर मी कोण!

वही अजून माझ्याकडे आहे. ४१ पानं भरली.

दर सोमवारी पाच फायलींतले आकडे कॉपी करून पंधरा स्लाइडींवर डकवायचे, हे इंटर्नचं परंपरागत काम. तीन तास जायचे. मी पॉवर क्वेरी लावली, म्हणजे फायलींतले आकडे आपोआप गोळा करणारी एक्सेलमधलीच सोय. पाचही फायली एका फोल्डरमध्ये टाकायच्या, रिफ्रेश दाबायचं, तक्ते तयार, आणि क्वेरीतच कॉलमचे प्रकार ठरवून दिल्यामुळे शून्य आणि तारखाही शाबूत. काम वीस मिनिटांवर आलं. बक्षीस म्हणून दुसऱ्या टीमचा असाच एक रिपोर्ट माझ्या गळ्यात पडला. नव्याने जाणाऱ्यांनी वेळ वाचवला की लगेच जाहीर करू नये, आठवडाभर तरी दम धरावा.

डॅशबोर्डही (सगळे आकडे एकाच पानावर दाखवणारा फलक) केला एक. रंग, फिल्टर, सगळं. शेवटच्या आठवड्यात वापराची नोंद पाहिली: एकूण ३१ वेळा उघडला गेला, त्यातले २६ वेळा मीच. लोकांना मेलमधला एक आकडा आणि खाली दोन ओळी हव्या असतात. हे आधी विचारलं असतं तर दहा दिवस वाचले असते, पण विचारायचं कोणाला, हेही ठरलेलं नव्हतं. प्रोजेक्ट म्हणजे नेमकं काय, कोणासाठी, त्यातून कोणता निर्णय घेणार, याचा कागद पहिल्या आठवड्यात मागून घ्या. मी मागितला नाही, त्यांनी दिला नाही.

आता तो एक गुण. शेवटच्या प्रेझेंटेशनचा विषय होता ऑर्डर पोचायला लागणारा वेळ. सरासरी ६.८ दिवस, मध्यक ४. कुठेतरी अडकून चाळीस-पन्नास दिवस लागलेल्या थोड्या ऑर्डरी सरासरीला वर ओढत होत्या. निम्म्या लोकांना माल चार दिवसांत मिळत होता, आणि खरी बोंब त्या अडकलेल्यांची होती. मी दोन्ही आकडे दाखवले आणि अडकलेल्या ऑर्डरींची वेगळी स्लाइड केली. आदल्या रात्री टीमच्या मॅनेजरांनी फाइल पाहिली. सकाळी उघडते तर मध्यक गायब आणि ती स्लाइडही गायब. विचारलं तर म्हणाले, "सरासरी सगळ्यांना कळते. उगीच प्रश्न कशाला ओढवून घ्यायचे?"

मी सरासरी सांगून खाली बसले. प्रश्न आला नाही. मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या. असत्या तरी काय झालं असतं, सांगता येत नाही. पण समोर बसलेल्यांनी ६.८ दिवस कमी करायचे म्हणून सगळीच डिलिव्हरी वेगवान करण्यावर पंधरा मिनिटं चर्चा केली, आणि मी मान डोलावत टिपणं घेत होते. आठ आठवड्यांत मला सर्वात लाज वाटली ती तेव्हा. २,८२२ ऑर्डरींच्या वेळीही एवढी वाटली नव्हती.

बाकी किरकोळ. स्टायपेंड वेळेवर आला. दहा ते सात म्हणतात, प्रत्यक्षात साडेआठ होतात. एसी फार गार असतो, स्वेटर न्या. कोणी वाईट वागलं नाही. पीपीओची (शिक्षण संपायच्या आधीच मिळणाऱ्या नोकरीच्या ऑफरची) आशा दाखवतात, पण लेखी कोणी काही देत नाही, तेव्हा तेवढ्यासाठी जाऊ नका. गणिताच्या मुलांनी जरूर जावं. ज्यांना फक्त मॉडेल बांधायची आहेत त्यांनी एखाद्या प्राध्यापकाकडे उन्हाळा काढावा, तिथे जास्त रमाल. आणि मुलाखतीत शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" म्हणतात, तेव्हा एवढंच विचारा की रोज माझं काम कोण तपासणार. नाव सांगता आलं नाही, तर दुसरी ऑफर बघा.

प्रमाणपत्र तीन आठवड्यांनी आलं. मी रुजू झाले ५ जूनला. त्यावर छापलंय ६ मे. शेवटची तारीख ३१ जुलै मात्र बरोबर आहे, एकतिसावा महिना नसल्यामुळे तिथे एक्सेलचा नाइलाज झाला असणार. दुरुस्तीची मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवली आहे. ६ मे रोजी मी परीक्षेला बसले होते, पण कागदावर महिनाभराचा अनुभव जास्त दिसतोय.