दर दोन सेकंदांनी बसणारा झटका : गेमिंग पीसीच्या आठ महिन्यांच्या वापरानंतर

स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत असतात, म्हणून एका ओळीत उरकतो. आठ कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी डीडीआर५ रॅम, १२ जीबी व्हीआरॅमचं (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचं) ग्राफिक्स कार्ड, एनव्हीएमई एसएसडी आणि १४४ हर्ट्झचा व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे आपला वेग बदलणारा) मॉनिटर. मशीन जोडून, तपासून आलेलं आहे. वेग भरपूर, तापमान काबूत, पंख्यांचा आवाज कमी. तरीही आठपैकी सहा महिने त्यावर एकही वेगवान गेम धड खेळता आला नाही, कारण दर दोन सेकंदांनी चित्र क्षणभर अडकायचं. बाकी सगळ्या चांगल्या गोष्टी त्या एका झटक्यापुढे फिक्या पडल्या, त्यामुळे हा अनुभवही मुख्यतः त्याच्याबद्दलच आहे.

सर्व्हिसवाल्यांनी मशीन दोनदा ठेवून घेतलं. दोन्ही वेळा बेंचमार्क चालवला, सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) बघितला आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत पाठवलं. चीड येते ती इथे, कारण सरासरीत हा दोष दिसूच शकत नाही. हिशोब करून बघा. १२० एफपीएसला प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला ८.३३ मिलिसेकंद येतात. दर दोन सेकंदांनी एक फ्रेम ६० मिलिसेकंदांची झाली, तर मिनिटात ३० झटके, म्हणजे १.८ सेकंद वाया. उरलेल्या ५८.२ सेकंदांत साधारण ६,९८४ फ्रेम निघतात. सरासरी येते ११७. कागदावर फरक तीनच एफपीएसचा, पण डोळ्यांना प्रत्येक वेळी सात फ्रेम गायब झालेल्या दिसतात आणि नेमबाजीच्या गेममध्ये तेवढ्यात निशाणा हुकतो.

‘१ टक्का लो’ (सर्वांत संथ १ टक्का फ्रेमचा एफपीएस) हा आकडा तरी पकडेल असं वाटतं. तोही फसवतो, कारण तो दोन पद्धतींनी काढला जातो. सर्वांत वाईट १ टक्का फ्रेमची सरासरी घेतली, तर वरच्या उदाहरणात ७० फ्रेम येतात, त्यातल्या ३० झटक्याच्या असतात आणि आकडा ३३ एफपीएसच्या आसपास पडतो. पर्सेंटाइल पद्धतीत मात्र झटक्याच्या फ्रेम एकूण फ्रेमच्या ०.४३ टक्केच आहेत, म्हणून १ टक्क्याची रेघ त्यांच्यापर्यंत पोचतच नाही आणि आकडा चक्क १२० दिसतो. तेव्हा वापरताय त्या टूलमध्ये कोणती पद्धत आहे ते आधी पाहा, ०.१ टक्क्याचा आकडा सोबत घ्या, आणि खरा भरवसा फक्त फ्रेमटाइमच्या (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेच्या) आलेखावर ठेवा. तो काढणारी प्रेझेंटमॉन आणि कॅपफ्रेमएक्स ही दोन्ही टूल फुकट आहेत. गेममधली एकच जागा, एकच वाट, ६० सेकंदांचं रेकॉर्डिंग, तीन वेळा. सेटिंग बदललं की पुन्हा तीन वेळा. एका वेळी एकच बदल.

आलेख हाती आला की काट्यांची, म्हणजे झटक्याच्या जागी वर गेलेल्या टोकांची, उंची नंतर बघा. आधी दोन काट्यांमधलं अंतर मोजा. निदान बहुतेक वेळा तिथेच होतं.

नव्या जागी किंवा नवा स्फोट पहिल्यांदा दिसल्यावर झटका बसतो आणि त्याच जागी परत गेल्यावर बसत नाही, तर तो शेडर कंपायलेशनचा, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम ऐन वेळी तयार करण्याचा. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केल्यावर साठवलेले शेडर बाद होतात, म्हणून त्या दिवशी हा त्रास परत येणं स्वाभाविक आहे. एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये शेडर कॅशची मर्यादा १० जीबी किंवा जास्त ठेवा. गेम सुरुवातीला शेडर तयार करतो म्हणत असेल तर ते काम पूर्ण होऊ द्या, मध्येच मेन्यूतून पुढे पळू नका.

मान झटकन वळवली की अडकतं, सरळ बघत राहिलं की नाही, अशा वेळी व्हीआरॅम भरली आहे का पाहा. टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या पानावर ‘शेअर्ड’ मेमरीचा आकडा खेळताना चढत गेला, तर टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) पीसीआय एक्स्प्रेसवरून साध्या रॅममध्ये जा-ये करत आहेत. टेक्श्चरचं सेटिंग एक पायरी खाली आणणं हाच उपाय. रिझोल्यूशन कमी करून त्या मानाने फारसं साधत नाही.

सुरुवातीला ठीक आणि वीस-पंचवीस मिनिटांनी बिघडतं, तर उष्णता. सीपीयूचं घड्याळ (क्लॉक, म्हणजे तो चालतो तो वेग) आणि तापमान दोन्ही लॉग करा. प्रोसेसर थंड असूनही घड्याळ कोसळत असेल, तर बोर्डावरची व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारी सर्किट) तापली असण्याची शक्यता मोठी.

आणि अंतर ठरलेलं असेल, घड्याळ लावल्यासारखं एक, दोन किंवा पाच सेकंदांचं, तर हार्डवेअर विकत घेण्याचा विचार तिथल्या तिथे थांबवा. गेमला दोन सेकंदांची ताल नसते. कुठलं तरी सॉफ्टवेअर टायमर लावून काहीतरी विचारत बसलेलं असतं.

इथे एक कबुली द्यायला हवी. हाच अनुभव तिसऱ्या महिन्यात लिहिला असता, तर दोष ग्राफिक्स कार्डाला दिला असता आणि तो चुकीचा ठरला असता. डीडीयू हे टूल वापरून सेफ मोडमध्ये ड्रायव्हर पुसून नव्याने टाकला, फरक शून्य. जीपीयू-झेडमध्ये कार्ड खेळताना पूर्ण १६ लेनवर चालताना दिसलं. कार्डाच्या दोन्ही पॉवर सॉकेटना पॉवर सप्लायपासून वेगळ्या केबल दिल्या, तरीही फरक शून्य.

मग संशय रॅमवर गेला आणि तिथे खरोखर एक चूक सापडली. टास्क मॅनेजर रॅमचा वेग ४८०० दाखवत होता, म्हणजे पट्ट्या ६००० च्या असूनही बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) तो वेग देणारं प्रोफाइल चालूच केलेलं नव्हतं. ‘तपासून’ आलेल्या मशीनची ही गत. एक्सपो किंवा एक्सएमपी प्रोफाइल निवडा, सेव्ह करा. त्यानंतरच्या पहिल्या बूटला पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. ते मेमरी ट्रेनिंग असतं, म्हणजे बोर्ड नव्या वेगाशी रॅम जुळवून घेत असतो, घाबरून बटण दाबू नका. दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. नंतर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ ची एक पूर्ण फेरी द्या. या बदलाने आलेख एकूण सपाट झाला, गर्दीच्या दृश्यांत फरक डोळ्यांना जाणवला. आणखी दोन पट्ट्या घालून ६४ जीबी करण्याचा मोह मात्र टाळा. डीडीआर५ वर चार पट्ट्या झाल्या की तोच वेग टिकवणं कंट्रोलरला जड जातं आणि बऱ्याचदा वेग खाली आणावा लागतो. पण दोन सेकंदांचा काटा? तो होता तिथेच होता.

त्याचा माग लेटन्सीमॉनने लागला, जे कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवतो ते दाखवतं. हे टूल गेम बंद ठेवून, मशीन रिकामं असताना दहा मिनिटं चालवायचं. ड्रायव्हर इंटरप्टनंतरचं (हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेल्या हाकेनंतरचं) उरलेलं काम डीपीसी नावाच्या रांगेत टाकतात आणि ती रांग संपेपर्यंत त्या कोअरवर गेमचा थ्रेड चालू शकत नाही. मायक्रोसॉफ्टची ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सूचना आहे की एक डीपीसी १०० मायक्रोसेकंदांच्या वर जाऊ नये आणि इंटरप्ट हाताळणारा कोड २५ च्या वर. आकडा कधीमधी २००-३०० झाला तर हरकत नाही. हजारांत आणि तोही नियमित, तर तो ड्रायव्हर दोषी. एक खबरदारी घ्या : यादीत ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा विंडोजच्या ग्राफिक्स कर्नलचं नाव वर दिसलं म्हणून लगेच तोच गुन्हेगार ठरत नाही. खेळताना आणि व्हिडिओ बघताना ती नावं वर राहणारच. रिकाम्या मशीनवर कोण वर आहे ते महत्त्वाचं.

या मशीनवर वर होता लायटिंग सॉफ्टवेअरचा कर्नल ड्रायव्हर (विंडोजच्या गाभ्यात चालणारा ड्रायव्हर). रॅमच्या पट्ट्यांवरचे, पंख्यांचे आणि कूलरचे दिवे रंगवणारं तेच सॉफ्टवेअर, कारखान्यातून टाकून आलेलं. ते दिवे बदलतं एवढंच असतं तर भागलं असतं. ते दर दोन सेकंदांनी पंख्यांचे आरपीएम, पट्ट्यांचं तापमान आणि बोर्डावरचे सेन्सरही वाचतं. डीडीआर५ पट्टीवरचा तापमानाचा सेन्सर एसएमबस नावाच्या तारेवर बसतो आणि रॅमचे दिवेही सहसा त्याच तारेवरून चालवतात. ही तार फार जुनी आणि संथ आहे, तिचा मूळ वेग १०० किलोहर्ट्झचा. उत्तर येईपर्यंत ड्रायव्हर वरच्या प्राधान्यावर ताटकळत राहिला, की तो कोअर तेवढा वेळ अडतो. त्याच वेळी दुसरं एखादं मॉनिटरिंग टूल त्याच तारेवर हात घालत असेल तर वाट बघणं आणखी लांबतं. एचडब्ल्यूइन्फो हे मॉनिटरिंग टूलसुद्धा मुळात दर २,००० मिलिसेकंदांनीच वाचन करतं. म्हणजे झटका शोधायला उघडलेलं टूलच झटक्यात भर घालू शकतं. खेळताना ते बंद ठेवा, किंवा वाचनाचं अंतर वाढवून एम्बेडेड कंट्रोलरचे सेन्सर वगळा.

सॉफ्टवेअर ‘बंद’ करून काही होत नाही, हे लक्षात यायला वेळ लागला. खिडकी बंद झाली तरी सर्व्हिस, म्हणजे विंडोजमध्ये मागे चालणारा भाग, चालू राहते. अनइन्स्टॉल केलं तरी कर्नल ड्रायव्हर मागे राहतो. पुरतं काढायचा क्रम असा ठेवावा लागला : आधी दिवे एका स्थिर रंगावर आणून ती निवड हार्डवेअरमध्ये सेव्ह करायची, नाहीतर दिवे पुन्हा इंद्रधनुष्यासारखे फिरत बसतात. मग अनइन्स्टॉल, रीस्टार्ट. मग मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स (आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी दाखवणारं टूल) ॲडमिन हक्कांनी उघडून ‘ड्रायव्हर्स’ आणि ‘सर्व्हिसेस’ या दोन पानांवर त्याच प्रकाशकाच्या उरलेल्या नोंदींची खूण काढायची. लगेच डिलीट करू नका, फक्त खूण काढा. पुन्हा रीस्टार्ट. शेवटी बायोसमध्ये जाऊन बोर्डाचं सॉफ्टवेअर आपोआप टाकण्याचा पर्याय बंद करायचा, कारण तो चालू असेल तर इंटरनेट मिळताच सगळं परत येऊन बसतं.

एवढं केल्यावर तोच ६० सेकंदांचा रस्ता पुन्हा रेकॉर्ड केला. दोन सेकंदांचे काटे नाहीसे झालेले. नवा पार्ट शून्य. सर्व्हिसवाल्यांनी ग्राफिक्स कार्ड बदलायची तयारी दाखवली होती, त्याने काडीचाही उपयोग झाला नसता.

दोषी ड्रायव्हर इतक्या सरळ समोर येत नसेल तर क्लीन बूट करा, म्हणजे बाहेरच्या सर्व्हिस बंद ठेवून विंडोज सुरू करा. एमएसकॉन्फिगमध्ये सर्व्हिसेस, मायक्रोसॉफ्टच्या लपवा, उरलेल्या सगळ्या बंद. टास्क मॅनेजरमधून स्टार्टअपही बंद. झटका गेला, तर अर्ध्या चालू करून बघा, मग उरलेल्यांतल्या अर्ध्या. सोळा सर्व्हिस असतील तर चार रीस्टार्टमध्ये एक नाव हाती लागतं. अँटी-चीटची (गेममधली फसवणूक रोखणारी) सर्व्हिस तेवढी चालू ठेवा, नाहीतर गेमच उघडणार नाही.

जुन्या एएम४ बोर्डांवर एएमडीचा रायझन प्रोसेसर वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. अधूनमधून चित्र आणि आवाज दोन्ही एकदम तुटत असतील, तर फर्मवेअर टीपीएमचा (प्रोसेसरमधल्या सुरक्षा भागाचा) दोष असू शकतो. एएमडीने तो मार्च २०२२ मध्ये मान्य केला आणि एजेसा १२०७ (एएमडीचा बायोसमधला मूळ कोड) असलेल्या बायोसमध्ये दुरुस्त केला. बायोस अपडेट करण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) थांबवून रिकव्हरी की लिहून ठेवा.

लेटन्सीबद्दल, म्हणजे माऊस हलवल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतच्या उशिराबद्दल, थोडक्यात, कारण झटके गेल्यावर ती बरीचशी आपोआप सुधारली. जीपीयू ९७-९९ टक्क्यांवर टेकला की फ्रेमची रांग साचते आणि माऊस जड वाटतो. गेममध्ये रिफ्लेक्स (एनव्हीडियाची लेटन्सी कमी करणारी सोय) असेल तर चालू करा. व्हीआरआरसोबत ड्रायव्हरमधून व्ही-सिंक चालू असेल तर १४४ हर्ट्झवर रिफ्लेक्स स्वतःच १३८ ला रोखतो. रिफ्लेक्स नसेल तर १४१ किंवा त्याखाली हाताने मर्यादा घाला, जमल्यास गेमच्याच सेटिंगमधून. माऊसचा पोलिंग रेट (तो सेकंदाला किती वेळा माहिती पाठवतो) ८,००० वरून १,००० वर आणा. काही गेममध्ये माऊस जोरात फिरवतानाच काटे येतात, ते याने जातात. एचपीईटी (बोर्डावरचं वेळ मोजणारं घड्याळ) सक्तीने चालू करण्याचे सल्ले अजून फिरत आहेत. ते केलं असेल तर बीसीडीएडिट या विंडोजच्या कमांडमधून यूजप्लॅटफॉर्मक्लॉक ही नोंद काढून टाका. विंडोज मुळात प्रोसेसरचं स्वतःचं टीएससी घड्याळ वापरतं आणि ते वाचायला कितीतरी स्वस्त पडतं.

फ्रेमटाइम सपाट आहे, पण शत्रू उड्या मारत सरकतो, तर तो नेटवर्कचा प्रश्न, मशीनचा नाही. राउटरलाच सतत पिंग करा. केबलवर उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत आलं पाहिजे. वायफायवर मधूनच ५०-१०० च्या उड्या दिसल्या तर केबल ओढणं हाच खात्रीचा उपाय. केबलवर सगळं ठीक आणि घरात कोणी मोठी फाईल अपलोड करू लागताच पिंग चढतो, तर राउटरमध्ये एसक्यूएम (डेटाची रांग साचू न देणारी सोय) शोधा, त्यात केक किंवा एफक्यू-कोडेल ही पद्धत निवडा आणि लाइनच्या मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर मर्यादा लावा.

आता मशीनविषयी मत. तिसऱ्या महिन्यात पाचपैकी एक दिला असता, आज चार. कापलेला एक त्या सॉफ्टवेअरसाठी आहे आणि तो परत मिळणार नाही, कारण गेल्या महिन्यात बायोस अपडेट केला तेव्हा दोन गोष्टी गुपचूप पूर्ववत झाल्या : रॅमचं प्रोफाइल बंद, आणि सॉफ्टवेअर आपोआप टाकण्याचा पर्याय चालू. बायोस अपडेटनंतर नेटची केबल काढलेली ठेवूनच पहिलं बूट करा, बायोसमध्ये या दोन्ही जागा दुरुस्त करा, आणि मगच विंडोज इंटरनेटला जोडा.