मागावर अर्डुइनो की रास्पबेरी पाय?

सोलापुरात मामांच्या चादरीच्या कारखान्यात धागा तुटला की माग थांबवणारी सोय करायची होती. माझ्याकडे हे दोन्ही इलेक्ट्रॉनिक बोर्ड होते.

रास्पबेरी पाय म्हणजे अख्खा छोटा संगणक. लिनक्स ही संगणकप्रणाली चालते, पायथन भाषेत प्रोग्राम लिहिता येतो, कॅमेरा जोडून विणीतला दोषही टिपता येतो. पण भर दुपारी लाइट गेली, आली, आणि पाय उठलाच नाही. मेमरी कार्डावरच्या फाइली खराब झाल्या होत्या. मामा काही बोलले नाहीत, बंद मागाकडे बघत उभे राहिले. मला फार लागलं ते.

अर्डुइनो उनो आर3 हा एकच प्रोग्राम चालवणारा साधा बोर्ड. त्याच्याकडे रॅम फक्त 2 केबी, वेग 16 मेगाहर्ट्झ. पण वीज आली की एक-दोन सेकंदांत तोच प्रोग्राम पहिल्यापासून सुरू. शिवाय सेन्सरचं कमी-जास्त व्होल्टेज तो थेट वाचतो; पायला त्यासाठी वेगळी चिप लागते. सेन्सरवर सुताची लव बसली की मामा फुंकर मारतात, काम पुढे चालू.

मागावर उनोच ठेवला. कॅमेऱ्याचं काम निघालं तर पाय घेईन, पण बॅटरीसकट.

भरतीच्या मुलाखतीत हल्ली मी विचारतो, मध्येच लाइट गेली तर तुझा कोड काय करेल? जो थांबून विचार करतो, त्याच्याशी पुढे बोलावंसं वाटतं.