रॅट जीनोम डेटाबेस : प्रत्यारोपण-संशोधकाच्या नजरेतून

मिलवॉकी येथील मेडिकल कॉलेज ऑफ विस्कॉन्सिनमध्ये १९९९ साली सुरू झालेला रॅट जीनोम डेटाबेस सर्वांना विनामूल्य खुला आहे. प्रत्यारोपणासाठी दाता आणि ग्राही रॅटांची जोडी ठरवताना तो कितपत उपयोगी पडतो, एवढ्यापुरतेच हे परीक्षण मर्यादित आहे.

त्याची सर्वांत जमेची बाजू म्हणजे स्ट्रेनची, म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकसारख्या रॅट-वंशांची, पाने. स्ट्रेनच्या नावातच अर्धा प्रयोग दडलेला असतो. उदाहरणार्थ, 'एलईडब्ल्यू.१एन' या नावात टिंबापूर्वीची अक्षरे लुईस स्ट्रेनची पार्श्वभूमी सांगतात, तर टिंबानंतरची खूण त्यात ब्राऊन नॉर्वे या दुसऱ्या स्ट्रेनकडून आणलेला आरटी१, म्हणजे आपले-परके ओळखण्याशी निगडित असा विसाव्या गुणसूत्रावरील ऊतिसुसंगतीचा जनुकसमूह, असल्याचे दर्शवते. त्यामुळे अशा रॅटचे हृदय लुईसला बसवल्यास दिसणारी प्रतिक्रिया मुख्यतः आरटी१ मधील फरकाचीच आहे, असे म्हणता येते.

जनुकांच्या पानांबाबत मात्र सावध राहावे. आरटी१ मधील ऊतिसुसंगती-जनुकांचे पहिला आणि दुसरा असे दोन मुख्य वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गाचे काम सोपे आहे : आरटी१-बी म्हणजे माणसातील डीक्यू हे जनुक, आरटी१-डी म्हणजे डीआर. पहिल्या वर्गात असा एकास एक मेळ बसत नाही. शिवाय संदर्भ जीनोम ब्राऊन नॉर्वेचा, म्हणजे 'एन' हॅप्लोटाइपचा (एकत्र वारशाने येणाऱ्या जनुकरूपांच्या संचाचा) आहे आणि पहिल्या वर्गाच्या आरटी१-ए विभागातील जनुकांची संख्याच हॅप्लोटाइपनुसार बदलते, त्यामुळे डीए किंवा पीव्हीजी स्ट्रेनवर काम करणाऱ्याने नकाशावरील जनुक आपल्या रॅटमध्येही असेलच, असे गृहीत धरू नये. हा दोष संकेतस्थळाचा नव्हे. परंतु नवखा संशोधक नेमका येथेच फसतो.

नवख्यांच्या नजरेतून हमखास निसटणारे पान टॅप२ चे. पेप्टाइडे, म्हणजे प्रथिनांचे तुकडे, पहिल्या वर्गाच्या रेणूंपर्यंत पोहोचवणाऱ्या आणि दुसऱ्या वर्गाच्या विभागात बसलेल्या या वाहकाचे दोन प्रकार आहेत : 'ए' प्रकार आर्जिनिन या अमिनो आम्लाने संपणारे पेप्टाइडही आत सोडतो, 'बी' प्रकार प्रामुख्याने जलविरोधी टोकाचीच सोडतो. आरटी१-ए च्या 'ए' अलीलला (जनुकाच्या 'ए' रूपाला) तर आर्जिनिनचे टोकच मानवते. साहजिकच पहिल्या वर्गाचा रेणू तंतोतंत जुळूनही, टॅप२ वेगळा असल्यास पेशीपृष्ठावर निराळी पेप्टाइडे येतात आणि ग्राहीच्या मारक टी-पेशी त्यांना परके मानतात. केवळ 'आरटी१-ए जुळते' एवढ्यावर जोडी पक्की करू पाहणाऱ्यांनी हे पान आधी वाचावे.