लेट्स एन्क्रिप्ट: फुकटचं सर्टिफिकेट अन् आमचा कापसाचा ग्रुप

दारव्हा तालुक्यात माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर प्रॉसडी नावाचं सॉफ्टवेअर टाकून गावातल्या चाळीसेक कापूसवाल्यांचा चॅट सर्व्हर चालवतो. लाइन गेली की इन्व्हर्टरवर. मोबाईलमध्ये सगळ्यांकडे कॉन्व्हर्सेशन्स हे चॅटचं ॲप.

समोरचा सर्व्हर खरंच आपला आहे हे फोनला पटवायला सर्टिफिकेट लागतं. आधी ते घरीच बनवलेलं होतं. फोन विचारायचा, विश्वास ठेवू का? मी म्हणायचो, दाबा 'हो'. हीच सवय वाईट. उद्या मधे दुसराच कोणी आमचा सर्व्हर बनून बसला, तरी लोक 'हो'च दाबतील.

म्हणून २०२५च्या पोळ्याच्या करीला लेट्स एन्क्रिप्टकडं, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडं, गेलो. पैसे नाहीत, कागदपत्रं नाहीत; डोमेन, म्हणजे सर्व्हरचं इंटरनेटवरचं नाव, आपल्या ताब्यात आहे एवढं दाखवायचं. सोपी रीत ८० नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे वेबसाइटच्या नेहमीच्या दारातून, पण आमच्या इंटरनेटवाल्यानं तो बंद ठेवलेला. मग सर्टबॉटनं, म्हणजे सर्टिफिकेट काढून देणाऱ्या प्रोग्रामनं, दिलेला मजकूर डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, टीएक्सटी (साध्या मजकुराची) नोंद म्हणून हातानं टाकला. झालं. सर्टिफिकेटच्या गुप्त चावीची फाइल मात्र रूटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य खात्याच्या, मालकीची, प्रॉसडीला वाचता येईना. प्रॉसडीच्याच 'प्रॉसडीसीटीएल' या साधनाच्या इम्पोर्ट कमांडनं ते सुटलं, पण त्यात एक संध्याकाळ गेली.

सर्टिफिकेट ९० दिवसांचं. हातानं काढलेलं आपोआप रिन्यू होत नाही, हे मी वाचलंच नव्हतं. आठवणीचा मेल येईल या भरवशावर होतो. ते मेल त्यांनी जून २०२५मध्येच बंद केलेले. ऐन वेचणीत, नोव्हेंबरात, मुदत संपली. सकाळीच फोन.

"भाऊ, हे काय इशारा येऊन राहिला मोबाईलवर?"

"काकाजी, काही दाबू नका."

"मी तं कवाचंच दाबलं."

आता डीएनएस अशा ठिकाणी नेलं, जिथं सर्टबॉट स्वतःच नोंद टाकतो. रिन्यू झालं की प्रॉसडीला नवी फाइल देणारी स्क्रिप्टही लावली. 'ड्राय रन', म्हणजे रिन्यूची नुसती तालीम, करून पाहिलं, चाललं.

एक गोष्ट लोकांना स्पष्ट सांगतो: या सर्टिफिकेटनं मोबाईल ते सर्व्हर एवढाच रस्ता झाकला जातो. सर्व्हरवर बसलेल्या मला मजकूर वाचता येतो. कापसाच्या भावाचं गुपित बोलायचं तर ओमेमो चालू करा, म्हणजे मजकूर फक्त बोलणाऱ्यांच्याच मोबाईलवर उघडतो, मला दिसत नाही. हे ऐकून दोघांनी लगेच केलं, माझ्याकडं न बघता.

पाचपैकी चार तारे. मेल बंद केल्याचा एक कापला. माझ्या आळसाचा त्यांच्या खात्यात टाकत नाही. काकाजींच्या मोबाईलमधला तो 'हो' अजून काढायचा आहे. वेचणी आटोपल्याबिगर ते दुकानात येत नाहीत.